बर्गी म्हणजे कोण?

(मलाजखंड येथील गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. आरतीनंतर कुणालाही सनावळ्या ऐकायच्या नसतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून एकच गोष्ट सांगतो.

आपल्या कॉलनीतल्या एका मुलीने दहावीला उत्तम गुण मिळवूनही अकरावीला इतिहास घेतला. घरात आठवडाभर अबोला! ही मुलगी एका संध्याकाळी उतरलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. तिच्या बंगाली मैत्रिणीची आजी नातवाला झोपवताना अंगाई म्हणत होती, त्यात 'बर्गी' आल्याची भीती होती. हिने विचारले, बर्गी म्हणजे कोण? आजी हसून म्हणाल्या, "अगं, तुम्हीच!"

"सर, खरंच आपण?"

खरेच आपण. बर्गी म्हणजे आपला बारगीर. स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी जवळजवळ दहा वर्षे बंगालवर जात होत्या. १७४४ साली अलीवर्दीखानाने भास्करपंतांना बोलणीला बोलावून दग्याने मारले, ते आपल्याला पाठ असते. १७५१ च्या तहात वर्षाला बारा लाख मिळाले, तेही. पण त्याच सुमारास गंगाराम नावाच्या कवीने बंगालीत 'महाराष्ट्रपुराण' लिहिले. त्यात जळालेली गावे आहेत, पोरेबाळे घेऊन पळणारी माणसे आहेत. ते मी इतक्या वर्षांत एकदाही वर्गात सांगितले नाही. 'बंगालवर स्वारी' एवढे म्हणून पुढे गेलो.

"मग शिवजयंतीला मी काय बोलू?" तिने विचारले. मी म्हणालो, महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेले पत्र वाच. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, अशी सक्त ताकीद त्यात आहे. मग गंगाराम वाच. महाराजांचे पत्र पाठ असलेल्यालाच गंगारामचे दुःख नीट कळेल.

आणि हे काही लांबचे नाही. लांजीचा किल्ला याच भोसल्यांकडे होता. त्याआधी तिथे गोंड राजे होते. त्यांच्या आठवणीत आपण कसे आहोत, हे आपण कधी विचारले का? बालाघाटची राजधानी १९५६ पर्यंत नागपूरच होती. खाणीच्या नोकरीसाठी आलेल्या आपल्यापैकी अनेकांना वाटते, आपला इथला इतिहास १९८२ पासूनचा!

दोघी मैत्रिणींनी मिळून यावर प्रकल्प केला आहे. शीर्षकात 'स्वारी' लिहायचे की 'लूट', यावरून भांडण अजून मिटलेले नाही. दोघी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. प्रसाद घेताना त्यांनाच विचारा.