माणशी किती, खोलीमागे किती?



परदेशी जायचं ठरलं की आपण आधी विमानाचं तिकीट बघतो. ते स्वस्तात मिळालं की निम्मं काम झालं असं वाटतं. पण तिकिटाचा खर्च एकदाच होतो. खोली, जेवण, बस, पाण्याची बाटली हे रोजचं असतं. आज या रोजच्या खर्चाबद्दल बोलायचं आहे, तेही नवरा-बायको दोघंच हिंडतात तेव्हाच्या.

दोघांचा खर्च एकट्याच्या सरळ दुप्पट नसतो. काही खर्च माणशी असतो, काही दोघांत मिळून एकच. कुठला खर्च कुठल्या रकान्यात पडतो, हे देशागणिक बदलतं.

व्हिएतनाम घ्या. एकेरी प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलर, माणशी. ह्युएच्या राजवाड्याचं तिकीट २ लाख डोंग, माणशी. रुपयाला साधारण ३०० डोंग धरले, तर दोघांचे तेराशेच्या वर गेले. याउलट खोलीचं भाडं बहुधा खोलीचं, टॅक्सीचं गाडीचं, आणि कपडे धुऊन मिळतात किलोच्या भावानं. हॉस्टेलमधली खाट स्वस्त दिसते. पण दोघांना खाटा दोन लागतात, आणि तेवढ्याच पैशांत पुष्कळदा साधी, आतून कडी लावता येणारी खोली मिळते. रात्रीच्या गाडीचंही तेच. एकट्याचं खोलीभाडं वाचतं. दोघांचं वाचतं एकच खोलीचं, बर्थ मात्र दोन घ्यावे लागतात.

जेवण माणशीच, पण तिथे ते जड जात नाही. शाकाहाराला तिथे ‘चाय’ म्हणतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे अशा खाणावळी शहरांत सापडतात.

आता जपान. तिथल्या पारंपरिक ‘र्‍योकान’मध्ये भाडं बहुधा माणशी सांगतात, त्यात अनेकदा दोन वेळचं जेवण धरलेलं असतं. म्हणजे खोली एक असली, तरी ती आपल्या पहिल्या रकान्यात गेली! सात दिवसांचा साधा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० वर गेला. दोघांना हा फरक ४०,७०० येनचा पडला.

आणखी एक गोष्ट, प्रवासाच्या वेगाची. दर दोन दिवसांनी गाव बदललं की माणशी खर्चच वाढतो: बस, रेल्वे, प्रवेशाची तिकिटं. शिवाय दमलेल्या माणसाचा खिसा सैल होतो. सामान ओढत, घामाघूम होऊन पोचलेलं जोडपं बसथांबा शोधत नाही. समोर येईल ती टॅक्सी करतं आणि समोर दिसेल तिथे जेवतं. गाव एकच धरून राहिलं, की कोपऱ्यावरची स्वस्त खाणावळ दुसऱ्या दिवशी सापडते आणि खोलीवाल्याशी भाड्याचं बोलताही येतं.

पैसे काढतानाही हिशोब हवा. एटीएमचं शुल्क अनेकदा दर वेळी ठरावीक असतं, म्हणून थोडे थोडे काढू नयेत. कार्डं मात्र दोघांची वेगळी, वेगळ्या पाकिटांत असावीत.

तेव्हा तिकीट काढण्याआधी वहीत हे दोन रकाने आखा आणि रोजचा खर्च मुक्कामाच्या दिवसांनी गुणा. महाग तिकिटाचा देश पंधरा दिवसांच्या हिशोबात स्वस्त पडतो, असंही दिसेल. मग कदाचित देशच बदलावासा वाटेल.