नव्या गुलाबाचे जन्मटिपण



गुलाबावर व्याख्यान ठेवण्यास वैशाखाइतका गैरसोयीचा महिना दुसरा नसेल. या दिवसांत आमच्या गच्चीवरील झाडांची अवस्था अशी असते की, ती पाहून या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांला आहे असे कोणी म्हणणार नाही. पण व्याख्यानमाला भरते वसंतात आणि आपल्याकडे गुलाब बहरतो थंडीत. हा दोष ना चिटणिसांचा ना आमचा. तेव्हा आज फूल हाती न घेताच फुलाविषयी बोलावे लागणार. एका अर्थी ते बरेच झाले. फूल समोर नसताना ते शब्दांनी कसे ओळखवून द्यावे, हाच आमच्या विषयाचा निम्मा भाग आहे.

आरंभीच सांगून टाकतो की, आम्ही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हे. सारी हयात बँकेच्या खतावण्यांत गेली. गुलाब हा सकाळच्या तासाभराचा नाद. म्हणून जेथे शास्त्र लागेल तेथे थोडक्यात बोलू, आणि जेथे हाताने केलेले काम आहे तेथे जरा रेंगाळू.

गुलाबाचा नाद आहे असे कळले की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला निळ्या गुलाबाचा. गुलाबाला निळा रंग देणारे द्रव्य मुळात तयारच करता येत नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने दुसऱ्या वनस्पतीचे जनुक घालून तसा गुलाब केला आणि २००९ साली तो बाजारात आणला. पण तोही निळा कमी आणि फिकट जांभळाच अधिक. दुसरा प्रश्न असा की, लाल गुलाबावर पांढऱ्याचे कलम केले म्हणजे गुलाबी फूल येते ना? नाही येत. कलम करणे किंवा डोळा भरणे म्हणजे नक्कल उतरवणे होय. रानगुलाबाच्या खुंटावर ज्या झाडाचा डोळा भरावा त्याचेच फूल येते, त्यात रतिभरही फरक पडत नाही. एखाद्या झाडावर आपोआप निराळी फांदी फुटते आणि तिचा डोळा धरून नवी जात करतात, हे खरे. पण ती दैवाची देणगी. आपल्या हाताने नवा गुलाब करावयाचा तर तो बीपासूनच करावा लागतो.

त्याचे कारण गुलाबाच्या कुळात आहे. बागेतला गुलाब हा एका घराण्याचा नव्हे. वर्षभर पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण चीनच्या गुलाबांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात नेला. त्यातील काहींची वाट कलकत्त्यावरून गेली. १८६७ साली फ्रान्समधील ल्यों येथे गियो यांनी 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब काढला आणि आज आपण ज्याला हायब्रीड टी म्हणतो त्या वर्गाचा आरंभ तेथून धरण्याची प्रथा पडली. १९०० साली त्याच गावच्या पेर्ने-द्युशे यांनी इराणकडील पिवळ्या गुलाबाचे रक्त त्यात आणले. पिवळा रंग आला, आणि त्याच्या पाठोपाठ पानांवरच्या काळ्या ठिपक्यांचा रोगही जोराने शिरला. रानगुलाबात बहुधा सातांच्या दोन जोड्या, म्हणजे १४ गुणसूत्रे असतात. बागेच्या गुलाबात सहसा २८. इतके घराण्यांचे मिश्रण झाल्यावर एकाच फळातील दहा बियांतून दहा तऱ्हेची रोपे निघाली तर नवल नाही.

आता क्रिया सांगतो. ज्या झाडाला आई करावयाचे त्याची कळी उमलण्याच्या बेतात असताना, पाकळ्या सैल झाल्या पण उघडल्या नाहीत अशा वेळी, धरावी. एक दिवस उशीर झाला की फूल स्वतःच्याच परागाने फळते आणि सारा खटाटोप वाया जातो. पाकळ्या हलक्या हाताने खुडाव्यात. आत पिवळ्या पुंकेसरांचे कडे दिसते. ते चिमट्याने एकही न ठेवता काढावे. मध्ये उरतो तो स्त्रीकेसरांचा झुबका. त्यावर बटरपेपरची पिशवी बांधून कळी रात्रभर राहू द्यावी. ज्याला बाप करावयाचे त्याचे पुंकेसर आदल्या दिवशी कागदावर सावलीत सुकवत ठेवलेले असतात. सकाळी कागद झटकला की हळदीसारखी पूड पडते. झुबक्याला किंचित चिकटपणा आला की ती पूड बोटाच्या टोकाने लावावी, पिशवी पुन्हा बांधावी आणि चिठ्ठी अडकवावी. चिठ्ठीवर आई, बाप आणि तारीख. ही चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. शाईची चिठ्ठी पहिल्या दवाने पुसते, आणि मग वडिलांचे नाव ठाऊक नसलेली फळे हाती राहतात. आमच्याकडे अशी एक पिढी झाली होती.

पुण्यात हे काम मार्गशीर्ष-पौषात करावे. फळ पिकण्यास तीन-चार महिने लागतात आणि उन्हाळा आधी आला तर ते गळते. बिया काढून ओल्या शेवाळात, झाकणाच्या डबीत दोनेक महिने थंडीत ठेवाव्या लागतात. हिमाचा हिवाळा सोसल्याशिवाय बीला जाग येत नाही. आमच्या घरी हा हिवाळा फ्रिजमध्ये, दही आणि लोणी यांच्या मधोमध येतो. त्याबद्दल घरातील मंडळींनी वेळोवेळी काय म्हटले आहे, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. पुढे बी उगवली की सात-आठ आठवड्यांत, रोप वितीएवढे असतानाच, पहिली कळी धरते. चहाच्या बशीतल्या रुपयाएवढे ते फूल. पाच-सहा पाकळ्या असतात, रंग मळकट असतो, तरी त्या दिवशी घरात सण असतो.

पुढले काम उपटण्याचे. शंभर रोपांतील नव्वदांना पहिल्या वर्षीच निरोप द्यावा लागतो. याला वास आहे पण मान लुळी, त्याचा रंग छान पण कळी उमलतच नाही, तिसरे दिसायला देखणे पण बाजारात तसली दहा आहेत. बागवानी शिकवणारी पुस्तके लावण्याबद्दल पुष्कळ सांगतात, उपटण्याबद्दल फार थोडे.

हा उपद्व्याप आपल्याकडे कशाला करावा, असे कोणी विचारील. ल्यों, जर्मनी, आयर्लंड येथे निवडलेले गुलाब तेथल्या हवेत निवडलेले असतात. आपला उन्हाळा आणि आपला पावसाळा त्यांच्या परीक्षेत नव्हता. हे ध्यानात घेऊन काम करणाऱ्यांत मोठे नाव डॉ. बेंजामिन पियरी पाल यांचे. ते गव्हाचे संशोधक, केंब्रिजला शिकलेले, दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे संचालक आणि १९६५ पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. गव्हाला तांबेरा लागू नये म्हणून दिवसभर झटणारा हा माणूस फावल्या वेळी दिल्लीच्या उन्हात गुलाबाच्या बिया पेरीत असे. 'रोझ शर्बत', 'दिल्ली प्रिन्सेस', 'डॉ. होमी भाभा' हे त्यांचे गुलाब. १९६६ साली त्यांचे 'द रोझ इन इंडिया' हे पुस्तक निघाले. आमच्या नादाचे खापर त्या पुस्तकावर फोडावे लागेल.

आमची गोष्ट अशी. उन्हात टिकणारा आणि तरीही वासाचा गुलाब असावा, हा आमचा हेतू. म्हणून २००८ च्या डिसेंबरात दणकट 'क्वीन एलिझाबेथ'वर सुवासिक 'क्रिमझन ग्लोरी'चा पराग घातला. ४६ कळ्यांवर क्रिया केली, १९ फळे टिकली, १२३ बिया निघाल्या, त्यांतल्या ३४ उगवल्या. सत्ताविसाव्या रोपाला २०१० च्या जानेवारीत फूल आले आणि आम्ही वाचा बंद होऊन त्याच्यासमोर उभे राहिलो. शेजारपाजारचे लोक येऊन पाहून गेले. त्याचा डोळा पावसाळ्यात भरू, असे म्हणून आम्ही स्वस्थ राहिलो. मे महिन्यात कोकणात लग्नकार्य निघाले. आठ दिवसांनी परत आलो तो शेंडा काळा पडला होता. पंधरा दिवसांत काळेपणा खुंटापर्यंत उतरला. पाणी घालणाऱ्या मुलाचा काही दोष नव्हता. एकच झाड कुंडीत ठेवून गावाला जाणाऱ्याचा होता.

झाड गेले याचे दुःख झालेच. पण त्याहून मोठी नामुष्की पुढेच होती. नोंदींची वही उघडली तर क्रमांक ८-२७ समोर आमच्याच अक्षरात लिहिले होते: 'फारच सुंदर. वास छान.' बस्स. पाकळ्या किती, फूल केवढे, रंग कोणता, यांतले काही नाही. चाळीस वर्षे पैनपैचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाने ही नोंद केलेली! आज आमच्या घरात त्या फुलाच्या रंगावरून दोन पक्ष आहेत. आम्ही म्हणतो डाळिंबी, घरातील मंडळी म्हणतात राणी. निवाडा करण्यास साक्षीदार उरलेला नाही.

आता ज्याने नोंद आणि नक्कल दोन्ही सांभाळली त्याची हकीकत ऐका. १९३५ साली ल्योंजवळ फ्रान्सिस मेयाँ या तेवीस वर्षांच्या तरुणाने एक संकर केला. त्यातील एका रोपाचा वहीतला क्रमांक ३-३५-४०. म्हणजे पस्तीस सालचा तिसरा संकर, त्यातील चाळिसावे रोप. मोठे फूल, चाळिसांहून अधिक पाकळ्या, फिकट पिवळा रंग, कडेला गुलाबी झाक, पाने चकचकीत. वास मात्र बेताचा. १९३९ च्या जूनमध्ये परदेशी गुलाबवाल्यांनी तो पाहिला आणि सप्टेंबरात युद्ध पेटले. तोवर मेयाँने डोळ्यांच्या काड्या बाहेर धाडण्यास आरंभ केला होता. जर्मनीला, इटलीला आणि अमेरिकेत रॉबर्ट पाइल यांच्याकडे. पुढे सरहद्दी बंद झाल्या. कोणाचे कोणाला पत्र जाईना, आणि एकच गुलाब निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी वाढू लागला. फ्रान्समध्ये मेयाँने त्याला दिवंगत आईचे नाव दिले, 'मादाम आ. मेयाँ'. जर्मनांनी त्याला 'ग्लोरिया देई' म्हटले, इटालियनांनी 'जोया', म्हणजे आनंद. अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी पॅसाडिना येथे त्याचे 'पीस' असे नामकरण झाले. पुढील महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेस जमलेल्या शिष्टमंडळांना त्याचे एकेक फूल देण्यात आले.

या गुलाबाच्या नोंदवलेल्या वंशावळीत पणजोबांच्या जागी 'सुव्हेनीर द क्लॉडियस पेर्ने' हे नाव आहे. मघाशी सांगितलेल्या पेर्ने-द्युशे यांनी १९२० साली काढलेला हा पिवळा गुलाब. क्लॉडियस हा त्यांचा मुलगा. पहिल्या महायुद्धात पडला. दुसरा मुलगाही त्याच युद्धात गेला. शांततेच्या नावाने जग ओळखते त्या फुलाच्या मुळाशी ही आठवण आहे, हे वंशावळ लिहून ठेवली म्हणूनच कळते.

वर्णन नीट करावे हा केवळ आमच्यासारख्या हौशी लोकांचा चोखंदळपणा नव्हे. अमेरिकेत १९३० साली वनस्पतींच्या पेटंटचा कायदा झाला आणि पहिले पेटंट, १९३१ साली, 'न्यू डॉन' या वेलगुलाबालाच मिळाले. आपल्याकडे २००१ चा वाणसंरक्षणाचा कायदा आहे. त्यात वाण नवा असावा आणि वेगळेपण, एकरूपता व स्थिरता या कसोट्यांना उतरावा अशी अट आहे. डोळे भरून वाढवलेल्या गुलाबाला शेवटच्या दोन फारशा अवघड नाहीत. खरी अडचण वेगळेपणाची. हजारो गुलाब अस्तित्वात असताना आपला निराळा, हे कसे सांगणार?

येथे भाषा अडते. आपण 'गुलाबी' म्हणतो. गुलाबाचे वर्णन करताना या शब्दाने काय सांगितले? आपले बहुतेक रंग वस्तूंवरून आले आहेत. डाळिंबी, अबोली, मोतिया, शेंदरी, वांगी. शब्द मोठे गोड आहेत, पण प्रत्येकाच्या घरचे डाळिंब निराळे. म्हणून जाणकार लोक इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा १९६६ पासूनचा रंगतक्ता वापरतात. पाकळी पट्टीवर ठेवायची आणि क्रमांक लिहायचा. तेही सावलीच्या उजेडात, आणि पाकळीच्या दोन्ही बाजूंचे, उमलताना आणि कोमेजताना वेगवेगळे. पाकळ्या एका फुलाच्या मोजून भागत नाही, दहा फुलांच्या मोजाव्या. वासाला मात्र तक्ता नाही. तेथे लिंबू, लवंग, चहा, मध असे उपमेचेच बोट धरावे लागते. आणि शेवटी दोष लिहावेत. गुलाबवाल्यांच्या विक्रीच्या याद्या पाहा. त्यांत एकाही गुलाबाला रोग होत नाही!

आम्ही २०१७ साली तोच संकर पुन्हा केला. तेच आईबाप, पण ते मूल काही परत आले नाही. दुसरे एक आले. त्याचे टिपण वाचून दाखवतो आणि बसतो.

'क्रमांक १७-४. झाड ताठ, छातीइतके उंच. काटे मध्यम, खाली वळलेले. कळी लांबट. पाकळ्या २८ ते ३३. फुलाचा व्यास जानेवारीत ११ सेंटीमीटर, एप्रिलमध्ये ७. रंग आतून तक्त्याच्या लाल गटातील ५५ ए, बाहेरून एक छटा गडद. तिसऱ्या दिवशी निळसर पडतो, ते वाईट दिसते. वास सकाळी नऊपर्यंत भरपूर, जुन्या देशी गुलाबाचा, वर थोडे लिंबू. दुपारी काही नाही. छाटल्यापासून सुमारे ४५ दिवसांनी पुन्हा फुले. मे महिन्यात शेंडे मरत नाहीत. आषाढात काळे ठिपके येतात, श्रावणअखेर खालची निम्मी पाने गळतात. झाडे: गच्चीवर तीन, अन्य तीन घरी एकेक. नाव:'

नावापुढची जागा कोरी आहे. घरातील मंडळींनी एक नाव सुचवले आहे. आमचे म्हणणे आणखी दोन पावसाळे जाऊ द्यावेत. ज्यांना त्याचे डोळे हवे असतील त्यांनी दिवाळीनंतर, सकाळी नवाच्या आत, गच्चीवर यावे. देताना आपले नाव व पत्ता वहीत लिहून घेऊ.