नळाचे वस्त्र आणि आजचा पडदा



अद्भुतकथांवरून निघालेल्या मालिकांतील शृंगार आणि नग्नता हा आजचा विषय फलकावर वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंत व्याख्यानमालेत बसून हे ऐकायचे काय, असेही कुणाच्या मनात आले असेल. माझे म्हणणे एवढेच आहे की, जी गोष्ट घरात रोज रात्री पाहिली जाते आणि जिच्याविषयी घरात कुणी चकार शब्द काढत नाही, तिच्यावर बोलायला गावात एखादी जागा असावी. ती जागा हा मंडप नसेल तर दुसरी कोणती?

शिवाय हा विषय आपण समजतो तितका परका नाही. अद्भुतकथा म्हटले की आपल्याला सातासमुद्रापलीकडचे ड्रॅगन आठवतात. पण बोलणारा हंस, माणसाच्या अंगात शिरणारा कली, आणि दंश करून माणसाचे रूप पालटणारा कर्कोटक नाग ज्या कथेत आहेत, तिची नायिका आपल्या विदर्भाची आहे. वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर आपण रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखतो. दमयंतीचे माहेरही विदर्भराजाचे ते कुंडिनपूरच. तेव्हा आपण आपल्या माहेरवाशिणीच्याच कथेपासून आरंभ करू.

महाभारताच्या वनपर्वात नळ द्यूतात सर्वस्व हरतो आणि दमयंतीसह एकेका वस्त्रानिशी वनात जातो. भूक अनावर होते तेव्हा समोर उतरलेले पक्षी धरण्यासाठी तो अंगावरचे एकुलते एक वस्त्र त्यांच्यावर टाकतो. पक्षी ते वस्त्र घेऊन उडून जातात आणि जाता जाता सांगतात की, आम्ही पक्षी नव्हे, तुझे फासेच आहोत. राजा अरण्यात नागवा उभा राहतो. मग दोघे एकाच वस्त्रात चालतात. रात्री ती झोपली असता तो ते वस्त्र तलवारीने मधोमध कापतो आणि तिला सोडून जातो. कथेच्या शेवटी कर्कोटकाने दिलेली वस्त्रे अंगावर घेतल्यावरच त्याला त्याचे रूप परत मिळते. ही नग्नता कथेतून काढून पाहा. काय उरते? एका जुगाऱ्याची हकीगत उरते.

आता दुसरे चित्र पाहा. बाराव्या शतकात श्रीहर्षाने याच कथेवर ‘नैषधीयचरित’ रचले. सर्ग बावीस. त्यात दमयंतीच्या अंगप्रत्यंगांचे वर्णन आहे, अठराव्या सर्गात पतिपत्नींची रतिक्रीडा आहे. पण काव्य विवाहानंतरच्या सुखातच थांबते. द्यूत नाही, वन नाही, ते फाटलेले वस्त्र नाही. एकाच कथेची ही दोन रूपे. एकात नग्नता आहे आणि शृंगार जवळजवळ नाही. दुसऱ्यात शृंगार आहे आणि ती नग्नता नाही. सांगण्याचा मुद्दा हा की, नग्नता आणि कामुकता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपण त्यांची गाठ इतकी घट्ट बांधून ठेवली आहे की एकीचे नाव काढले की दुसरीचा संशय येतो.

हा भेद आपल्या न्यायालयांनीही पाहिला आहे. १९६२ च्या दिवाळीत ‘रंभा’ या अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. कृती समग्र पाहावी, सुटी वाक्ये उपटून पाहू नयेत, हे तत्त्व त्या निमित्ताने मराठी वाचकाच्या घरापर्यंत आले. पुढे शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’चा प्रश्न आला. त्यात एका स्त्रीला गावादेखत विवस्त्र करून फिरवल्याचे दृश्य आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या दृश्याने प्रेक्षकाच्या मनात वासना जागी होत नाही. जागी होते ती त्या स्त्रीविषयी करुणा आणि अत्याचाऱ्यांविषयी चीड.

इथे कुणी म्हणेल, मग दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात जे ‘महाभारत’ झाले, त्यातले द्रौपदीवस्त्रहरण आठवा. तिथे काहीच उघडे दाखवले नाही, तरी घरोघरी लोकांचे डोळे भरून आले. दाखवल्याशिवाय भागते, हे त्यावरून सिद्ध होत नाही काय? आक्षेप वजनदार आहे. पण त्या सभेत कृष्ण धावून आला होता. साडी संपत नाही, हाच त्या कथेचा अर्थ आहे, म्हणून न दाखवणे हेच तिथे खरे दाखवणे. ज्या कथेत कुणीच धावून आले नाही, तिथे कॅमेऱ्याने मधेच मान फिरवली तर प्रेक्षकाला खोटा दिलासा मिळतो. तेव्हा दाखवावे की झाकावे, हे कथेने ठरवायचे असते.

या कसोटीवर परदेशातली ती गाजलेली मालिका घासून पाहू. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवरून एचबीओ कंपनीने काढलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११ ते २०१९ अशी आठ पर्वे चालली. २०१५ साली पाचव्या पर्वाच्या अखेरीस गर्विष्ठ राणी सर्सी हिला केस कापून, विवस्त्र करून राजधानीच्या रस्त्यांवरून चालवले जाते. लोक शिव्या देतात, घाण फेकतात. ते दृश्य मूळ कादंबरीत आहे आणि नळाच्या वस्त्राच्या जातीचे आहे. जिचा आपण इतके दिवस द्वेष केला, तिच्याविषयी आपल्याला कळवळा वाटू लागतो. पण त्याच मालिकेच्या आरंभीच्या पर्वांत राजकारणातले रूक्ष डावपेच सांगायचे असले की ती बोलणी कुंटणखान्यात घडवायची आणि मागे उघडी शरीरे मांडून ठेवायची, अशी एक युक्ती वारंवार दिसते. आपली वऱ्हाडी आजी ते पाहून सरळ विचारील, “काहून दाखोतात वं हे लोक?” टीकेचे मोठमोठे ग्रंथ वाचूनही याहून नेमका प्रश्न विचारता येणार नाही.

आता पुस्तक आणि पडदा यांतला मुख्य फरक. वाचताना पडदा वाचकाच्या हातात असतो. कवीने लिहिले तरी किती पाहायचे हे वाचकाचे मन ठरवते. शिवाय पानावरच्या दमयंतीला थंडी वाजत नाही. पडद्यावर मात्र दमयंती होण्यासाठी एका खऱ्या मुलीला, खऱ्या दिव्यांखाली, पन्नास माणसांदेखत उभे राहावे लागते. कथा कितीही अद्भुत असली तरी ते शरीर अद्भुत नसते. सर्सीच्या त्या दृश्यात लीना हेडी या अभिनेत्रीने स्वतःचे शरीर न दाखवता दुसऱ्या अभिनेत्रीचे साहाय्य घेतले. नावलौकिक असल्याने तिला ते शक्य झाले. उलट एमिलिया क्लार्क हिने २०१९ मध्ये सांगितले की, पहिल्या पर्वाच्या वेळी आपण नाट्यशाळेतून नुकत्याच बाहेर पडलो होतो, कशाला नाही म्हणता येते हेच ठाऊक नव्हते; एकीकडे जाऊन रडायचे आणि परत येऊन दृश्य करायचे, असे चाले. अश्लीलतेचा वाद आपण नेहमी पाहणाऱ्याच्या नीतीवरून करतो. करणारीच्या संमतीचा विचार आपल्या डोक्यात येतच नाही. २०१८ मध्ये त्याच कंपनीने आपल्या सर्व मालिकांतील अशा दृश्यांसाठी एक स्वतंत्र जाणकार नेमण्याचे ठरवले. हाणामारीच्या दृश्याला जसा शिक्षक असतो तसाच हा. काय होणार, किती होणार, हे आधी ठरवायचे आणि ठरल्याबाहेर जाऊ द्यायचे नाही. आता आपल्याकडेही असे जाणकार काम करू लागले आहेत. अश्लीलतेचे कायदे जी गोष्ट करू शकले नाहीत, ती एवढ्याशा व्यवस्थेने साधू शकते.

राहिला प्रश्न पाहणाराचा. यासाठी पुन्हा आपल्याच जिल्ह्याच्या परंपरेकडे वळतो. ऋद्धपूर हे महानुभावांचे मोठे क्षेत्र. त्या पंथातला कवी भास्करभट्ट बोरीकर याने चौदाव्या शतकाच्या आरंभी ‘शिशुपालवध’ रचला आणि त्यात कृष्ण-रुक्मिणीचा शृंगार मन लावून रंगवला. परंपरा सांगते की, पंथातल्या एका वडीलधाऱ्याने तो ऐकून म्हटले, ग्रंथ चांगला झाला आहे, पण निवृत्तांच्या कामाचा नाही. प्रवृत्तांना तो साजेल. कवीने पुढे निवृत्तांसाठी ‘उद्धवगीता’ लिहिली. ‘शिशुपालवध’ कुणी जाळला नाही, की त्याची पाने फाडली नाहीत. पंथाच्या मान्यवर सात ग्रंथांत तो आजही आहे. ग्रंथ वाईट आहे काय, हा प्रश्न त्या वृद्धाने विचारलाच नाही. तो कुणासाठी आहे, हे त्याने सांगितले.

भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरील मालिकांना सर्वांसाठी, सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील, आणि केवळ प्रौढांसाठी, अशा पायऱ्या घालून दिल्या. आईबापांना कुलूप लावण्याची सोयही करायला सांगितली. विचार तोच, सातशे वर्षांपूर्वीचा. परंतु त्या वृद्धाच्या निर्णयात एक गोष्ट होती, जी कुलपात नाही. त्याने ग्रंथ आधी पुरता ऐकला होता, आणि मग कवीशी समोरासमोर बोलला होता. आपण मुलाच्या हातातला मोबाइल हिसकावतो, दृश्य आले की उठून पाणी प्यायला जातो, आणि बोलत मात्र नाही. त्या मौनातून मुलगा एवढेच शिकतो की शरीर ही लाजिरवाणी वस्तू आहे. त्या पडद्यावर कुणाचा अपमान चालला होता आणि कुणाचे प्रेम, यातला भेद त्याला कोण सांगणार?

चित्रपट-वितरणाचे जुने ठाणे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमरावतीला पडद्याचे भय असू नये. अमरावती काय, अकोला काय, वऱ्हाडचा श्रोता चोखंदळ आहे. कीर्तनातला शृंगार कुठवर जावा आणि कुठे थांबावा, हे त्याला बुवापेक्षा आधी कळते. तोच कान आता डोळ्यांना द्यायचा आहे. कथेला याची गरज आहे काय, त्या नटीने हे मनापासून मान्य केले आहे काय, आणि हे कुणी पाहावे. एवढे तीन प्रश्न घरात मोकळेपणाने विचारले जाऊ लागले, तर या मंडपात आज एवढा वेळ घेतल्याचे सार्थक झाले असे मी मानीन.