पांढऱ्या पेशींची साक्ष
(जळोची येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



मानेत वा काखेत गाठ आली आणि ती दुखत नसली, की आपल्याकडे तिची उपेक्षा होते. कोणी गंडमाळ समजून लेप लावतो, कोणी अंदाजानेच क्षयाची औषधे घेतो. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात हे खरे. परंतु कित्येक आठवडे न ओसरणारी गाठ कधी लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, असू शकते. त्याचा निर्णय गाठीचा तुकडा तपासूनच होतो. रक्ताची साक्ष निराळी आहे. तिच्याविषयी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत.

रक्ताच्या एका घन मिलिमीटरात सुमारे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील लिम्फोसाइट हे शरीराचे रक्षक. लिम्फोमा त्यांच्यातीलच काही पेशी बिघडल्याने होतो. फितुरी घरातलीच म्हणायची! रिटुक्सिमॅबसारखे औषध बिघडलेल्या पेशीस चिकटते आणि तिला मारण्यासाठी शरीराच्याच रक्षक पेशींना पाचारण करते. ते रक्षकच थोडे उरले असतील, तर औषधास साथ कमी मिळते.

हॉजकिन लिम्फोमाच्या वाढलेल्या अवस्थेसाठी १९९८ साली सात प्रतिकूल लक्षणांचे एक कोष्टक प्रसिद्ध झाले. लिम्फोसाइट ६०० हून कमी, किंवा पांढऱ्या पेशींत शेकडा आठांहून कमी असणे, हे त्यांतील एक. अहवालात एकूण १०,००० व लिम्फोसाइट शेकडा ५ असतील, तर संख्या ५०० झाली. हा हिशेब साध्या रक्ततपासणीवरून होतो.

पण हा आकडा म्हणजे ललाटलेख नव्हे. त्याच कोष्टकात पाच किंवा अधिक प्रतिकूल लक्षणे असलेल्यांपैकीही शेकडा ४२ जणांचा रोग पाच वर्षे वाढला नव्हता. आणि तेव्हापासून उपचार पुष्कळ सुधारले आहेत. मुंबईच्या आयआयटीने व टाटा स्मारक रुग्णालयाने मिळून सिद्ध केलेल्या नेक्सकार१९ या उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी काढून, त्यांना शत्रू ओळखण्यास शिकवून, पुन्हा शरीरात सोडतात. काल साक्षीदार असलेली पेशी आज औषध झाली आहे!

यास्तव आमची तीन मागणी आहेत. गाठ अंगावर काढू नका. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे दाखवा. पहिल्यापासूनचे रक्ताचे सर्व अहवाल तारीखवार जपून ठेवा. वैद्यांस ते मोलाचे असतात. आणि एखादा आकडा वाईट दिसला म्हणून कोणी उपचार सोडून घरी परतत असेल, तर त्यास धीर देऊन पुन्हा रुग्णालयात पोहोचविणे हे ज्ञातिबांधवांचे कर्तव्य समजा. आकडा वैद्यास सावध करण्यासाठी आहे, रुग्णास निराश करण्यासाठी नव्हे.