ठोक्याची छपाई आणि बिनठोक्याची छपाई



छपाईची यंत्रे हा विषय आपणांस रुक्ष वाटेल. परंतु आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचा सारा झगडा कागदावर उभा असतो. पगाराची चिठ्ठी, करारनामा, हजेरीचा उतारा हे टिकले तरच मागणी टिकते. म्हणून कागदावर अक्षर उमटते कसे, हे आम्हांला शिकावे लागले.

अक्षर उमटवण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिली ठोक्याची. टाइपरायटर हे तिचे परिचित उदाहरण. गोदरेज कंपनीने १९५५ साली आपल्या देशात ही यंत्रे बनवण्यास प्रारंभ केला. आता ते काम बंद झाले आहे. कळ दाबली की खिळा शाईच्या फितीवर आपटतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच कुळातला. त्यात खिळ्यांऐवजी नऊ किंवा चोवीस बारीक सुया फितीवर आदळतात आणि ठिपक्यांचे अक्षर बनते. आवाज कर्कश, वेग बेताचा. तरीही बँकेत पासबुक भरावयास हाच लागतो, कारण शिवलेल्या जाड पुस्तिकेवरही तो छापतो.

दुसरी रीत बिनठोक्याची. इंकजेट शाईचे सूक्ष्म थेंब उडवतो. रंगीत चित्रे त्यावर उत्तम निघतात. लेसर प्रिंटरमध्ये विजेच्या भाराने भुकटी कागदावर ओढली जाते व उष्णतेने वितळून घट्ट बसते. काम जलद आणि शांत. एसटीच्या वाहकाजवळील तिकीट-यंत्रात तर शाईच नसते; कागदावरचे रसायनच उष्णतेने काळे पडते.

मग चांगले यंत्र कोणते? कागदाने किती दिवस जगायचे, त्यावर ते ठरते. आंबोलीहून सावंतवाडीला उतरेपर्यंत तिकीट टिकले की पुरे. पण तसल्याच कागदावरची पावती उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिली तर कोरी होते. तिची झेरॉक्स ताबडतोब काढावी. इंकजेटची साधी शाई आपल्या इथल्या पावसाने पसरते; लेसरचे अक्षर सहसा पसरत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ठोका कार्बनमधून आरपार जातो. त्यामुळे मालकाची प्रत आणि कामगाराची प्रत एकाच घावात जन्मतात. दोहोंतला आकडा एकच असतो. बिनठोक्याच्या यंत्रात प्रत्येक प्रत स्वतंत्र निघते. पहिलीत एक रक्कम आणि दुसरीत दुसरी, असे करणे सोपे आहे, आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच खऱ्या दिसतात.

याचा दोष यंत्राला देऊ नये. जुन्या यंत्राने आपोआप केलेली राखण आता आपण करावयाची आहे. २०१९ च्या वेतनसंहितेत मालकाने वेतनपत्रक द्यावे असे कलम आहे. ते मागून घ्यावे. करार असेल तर दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळीओळीने वाचाव्यात, प्रत्येक पानावर उभयतांच्या सह्या घ्याव्यात, मगच घडी घालावी. शेतकरी, दुकानदार, भाडेकरू, सर्वांनाच हे लागू आहे.