केमोनंतर हिशोब चुकतो तेव्हा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आरोग्याच्या विषयावर झालेले भाषण)



दशसूत्री म्हणताना 'आरोग्याची काळजी' हे सूत्र आपण दर बैठकीत म्हणतो. आज त्यातलंच एक सांगते. विषय कॅन्सरचा आहे, पण गाठीबद्दल किंवा ऑपरेशनबद्दल मी बोलणार नाही. आपल्या जिल्ह्यातून कोणी पुण्याला जातं, कोणी बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला, कोणी थेट मुंबईला परळच्या टाटाला. बाई उपचार घेऊन घरी येते, केस परत उगवतात, आणि शेजारपाजार म्हणतो, "झाली बाई बरी." तिच्या डोक्यात आणि मनात पुढे काय चालतं, ते कोणी विचारत नाही.

एका गटातलं सांगते, गावाचं नाव घेत नाही. सचिव ताईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमोथेरपी झाली. ती परत बैठकीला आली तेव्हा दोघींची बचत एकीच्याच नावावर लिहून बसली. पुढच्या वेळी शंभराची नोट हातात धरून, "ही कोणाची गं?" असं दोनदा विचारलं. अंतर्गत कर्जाचं व्याज जी तोंडी सांगायची, तिला कॅल्क्युलेटर घेऊनही जमेना. कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, "लक्षच नाही हिचं." दुसरी त्याहून वाईट बोलली, पैशावरून. त्यानंतर ताई बैठकीला यायचीच बंद झाली.

तायांनो, त्या ताईची नियत बिघडली नव्हती. केमो घेणाऱ्या बऱ्याच जणांना असं होतं, याला 'केमो ब्रेन' म्हणतात. शब्द ओठावर येऊन अडकतो. दूध गॅसवर ठेवलंय हे ध्यानात राहत नाही. दोन माणसं एकदम बोलली की काहीच कळत नाही. कारणंही एक नाही: ती कडक औषधं, रक्त कमी होणं, झोप नाही, दुखणं, काळजी. काहींची पाळी उपचारामुळे अचानक बंद होते, त्याचाही परिणाम होतो. बहुतेकींचं उपचार संपल्यावर काही महिन्यांत सुधारत जातं, काहींना वर्ष किंवा जास्तही लागतं. हे वेड नव्हे आणि अक्कलही कुठं जात नाही.

त्या गटाने पुढे काय केलं, ते मला फार आवडलं. दोघी तिच्या घरी गेल्या. सचिवपद तिचंच ठेवलं, शेजारी एकजण बसवली. पैसे हातात आले की ती मोठ्याने नाव आणि रक्कम सांगते, ताई लगेच लिहिते, आणि उठायच्या आत रजिस्टर, पासबुक आणि रोकड जुळवून बघतात. बैठक संध्याकाळची सकाळी घेतली, कारण दुपारनंतर ताई थकून जाते. खरं सांगू, हिशोब लिहायची ही पद्धत सगळ्याच गटांनी घ्यावी, आजारी कोणी असो नसो.

घरच्यांनी विसरण्याच्या गोष्टी कागदावर लिहून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवाव्यात. रक्त, थायरॉईड तपासता येतं. रोज जमेल तेवढं चालल्यानेही फरक पडतो. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

आता मनाचं. तपासणीची तारीख जवळ आली की कित्येकींची झोप उडते, पुन्हा निघालं तर? स्तन काढलेली बाई आरशात बघत नाही, नवऱ्याशी बोलत नाही. त्यात घरात तिचं ताट-तांब्या वेगळा ठेवतात. कॅन्सर शिवल्याने, एकत्र जेवल्याने होत नाही हो! हळदीकुंकवाला तिलाही बोलवा. आणि "मन खंबीर ठेव" एवढं म्हणून उठू नका. ते ऐकून बाई रडायचीसुद्धा चोरी होते. "आज कसं वाटतंय?" म्हणा आणि गप्प बसून ऐका.

आम्ही कमी शिकलेल्या, आम्हाला यातलं काय कळणार, असं कोणी म्हणू नका. आपल्याच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

दोन आठवडे उदासी हटत नसेल, जेवण-झोप तुटली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. टेली मानस, १४४१६, फोन फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जीव द्यायची भाषा केली तर तिला एकटीला सोडू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. आणि अचानक असंबद्ध बोलायला लागली, माणसं ओळखेना, झटका आला किंवा केमो चालू असताना ताप चढला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच घडीला गाडी काढा. गाडीभाड्याला पैसे नसतील तर गटातून द्या, ठराव नंतर लिहिता येतो.