मेहेरबानी नको, हिशेब द्या
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी भाषेचा पंडित नाही. मॅट्रिक झालो, गोदीत गोण्या उचलतो, कविता लिहितो. पण एक शब्द गोणीपेक्षा जड झालाय, तो आज तुमच्यासमोर उतरवतो. मेहेरबानी.

मागच्या पावसाळ्यात ठेकेदारानं आमच्या टोळीची दोन आठवड्यांची मजुरी थकवली. तिसऱ्या शनिवारी दिली ती आहेर वाटल्यासारखी. वर म्हणाला, "घ्या रे, मेहेरबानी समजा." आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले. ते जोडलेले हात मला फार लागले.

मग शब्दाचा माग काढला. शब्द फारसी. 'मेहर' म्हणजे माया. 'बान' म्हणजे राखणारा, दरबानातला तोच. पण आणखी मागं जा. प्राचीन इराणी भाषेत 'मिथ्र' म्हणजे करार. त्यातूनच 'मेहर' आला. आपला 'मित्र' त्याच कुळातला. म्हणजे मुळाशी करार आहे, आणि करार दोन्ही बाजूंना बांधतो.

हा शब्द दरबारात शिरला आणि बिघडला. मेहेरबान ही साहेबाची पदवी झाली. कोर्टातल्या अर्जावर वर 'मे.' लिहितात ना, तो हाच. करार गळाला. देणारा वर बसला, घेणारा खाली वाकला. आता मेहेरबानी म्हणजे काय? तुमचंच तुम्हाला द्यायचं आणि वर आभार मागायचे.

महाड आठवा. १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोले ठराव झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद खुला, पाणी बंद! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब पाणी प्याले, मागून हजारो प्याले. हक्क होता, तो बजावला. उपकार कुणाचा घेतला नाही. कोर्टातलं भांडण पुढं दहा वर्षं चाललं, १९३७ साली हायकोर्टात जिंकलं.

त्या शनिवारी मी गप्प बसलो, त्याची लाज वाटते. पुढच्या शनिवारी आम्ही अकरा जणांनी मजुरीचा लेखी हिशेब मागितला. ठेकेदारानं तोंड वाकडं केलं, पण लिहून दिला. सोमवारी दोघांना कामावर घेतलं नाही. त्यातला एक मी.

पण हिशेबाचा तो कागद त्या म्हाताऱ्यानं घडी करून खिशात ठेवलाय. या शनिवारी त्यानं हात जोडले नाहीत. कागद पुढं केला.

जय भीम.